अभिमन्यूभाऊंच्या गाडीच्या चार डम्या

वाघदऱ्याचे अभिमन्यू तांदळे गेली सोळा वर्षं भावी आहेत.

सुरुवातीला ते भावी सरपंच होते. दोनदा निवडणूक आली. एकदा जागा राखीव निघाली आणि एकदा साहेब म्हणाले, "या बारीला थांब." भाऊ थांबले. थांबण्यात इतका काळ गेला की सरपंच होण्याचं आपलं वय उलटलं, असं त्यांना वाटू लागलं. मग त्यांनी स्वतःच स्वतःला बढती दिली आणि ते भावी पंचायत समिती सदस्य झाले. तिथून भावी जिल्हा परिषद सदस्य. प्रत्येक बढतीला लिंबागणेशच्या चौकात बॅनर लागला. त्यावर भाऊ कानाला मोबाईल लावून दूर कुठंतरी बघत असायचे. पलीकडून कोण बोलत होतं ते कुणालाच माहीत नाही. फोटो काढताना मोबाईल बंद होता.

साहेब म्हणजे तालुक्यातले साहेब. त्यांना नावानं कुणी बोलवत नाही, तेव्हा इथंही नावाची गरज नाही. साहेबांचा ताफा निघाला की भाऊंची गाडी सातव्या नंबरला असायची. पुढच्या सहा गाड्यांत कोण बसतं हे भाऊंना पाठ होतं. मागं किती गाड्या आहेत हे ते आरशात मोजत.

भाऊंचं वय चव्वेचाळीस. शेत धाकटा भाऊ बघतो, घर धनश्रीबाई बघतात. धनश्रीबाई म्हणजे भाऊंच्या पत्नी, गावातल्या अंगणवाडीच्या सेविका. भाऊ गाडी बघतात. पांढरी, उंच, डिझेलवरची गाडी त्यांनी एका कंत्राटदाराकडून जुनी घेतली तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्यालाही आता सहा वर्षं झाली. यंदा जिल्हा परिषदेची त्यांची जागा महिलांसाठी निघाली. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडीच्या मागच्या काचेवर नवी अक्षरं चिकटवून आणली: 'भावी जि. प. सदस्य सौ. धनश्री अभिमन्यू तांदळे'. त्यात 'अभिमन्यू' जरा ठळक होतं. धनश्रीबाईंना आपण उभ्या राहणार असल्याचं काचेवर वाचून कळलं.

"मला विचारलं कवा?" त्या म्हणाल्या.

"आता विचारतोय की."

"काच चिकटवून?"

भाऊंना त्या वेळी फोन आला, म्हणजे त्यांनी मोबाईल कानाला लावला.

फॉर्म भरायला आठवडा उरला असताना ताफा बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढत होता. भाऊंच्या गाडीत दोन कार्यकर्ते आणि साहेबांसाठीचा बाटलीबंद पाण्याचा खोका होता. अर्ध्या घाटात समोरच्या तापमानाच्या काट्यानं लाल रेघ ओलांडली आणि बॉनेटमधून वाफ निघाली. भाऊंनी गाडी कडेला घेतली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढं गेल्या. साहेबांची गाडी केव्हाच वळणाआड झाली होती. कुणी वळून बघितलं नाही. खोक्याची चौकशी मात्र पाचच मिनिटांत फोनवर झाली.

घाटातल्या उतारावर सटवा शेळ्या चारत होता. तो वाघदऱ्याचाच. वाफ बघून तो काठी टेकत खाली आला.

"भाऊ, टोपण उघडू नका. तोंड भाजंल."

"मला कळतं रे."

सटवा खाली वाकला, गाडीच्या पोटाखाली बघितलं आणि मग बाजूला सरकून पुन्हा बघितलं. "तोंडातून न्हाई गळत ही. कुशीतून गळतंय. आन् मागल्या अंगाला बी वल हाय."

"सटवा, तुला गाडीतलं काय कळतं?"

"मला काय बी न्हाई कळत. पर जनावर कुठून वलं झालंय ते दिसतंय की."

हे ऐकायला भाऊंना वेळ नव्हता. गाडी थंड झाल्यावर त्यांनी साहेबांचं पाणी, बाटलीमागून बाटली, रेडिएटरमध्ये ओतलं. त्या गाडीनं एवढं स्वच्छ पाणी पहिल्यांदाच प्यायलं असेल. गाडी घेतली तेव्हा कंत्राटदाराच्या ड्रायव्हरनं भाऊंना सांगितलं होतं, की ते हिरवं-गुलाबी कुलंट थंडीच्या देशातल्या लोकांसाठी असतं, आपल्याकडं साधं पाणी चालतं. तेव्हापासून तिला घरामागच्या बोअरचं पाणी होतं. या पाण्यानं धनश्रीबाईंच्या पातेल्यांना आतून पांढरी पापडी धरायची. पाणी तापवायचा हीटर दर वर्षी जायचा. घरात प्यायला गेली पाच वर्षं विकतचा जार येत होता.

पुढचे तीन दिवस गाडीवर कार्यकर्त्यांचे उपचार झाले. त्यांचा म्होरक्या जीवन. भाऊंच्या सगळ्या बॅनरवर सगळ्यात खाली उजवीकडं ज्याचा फोटो असतो तो. जीवननं मोबाईलवर बघितलं होतं, की रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती बंद होते. भाऊंनी घरातला डबा आणून रिकामा केला.

"हळद कुठं गेली?" संध्याकाळी धनश्रीबाईंनी विचारलं.

"इंजिनात."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तिखट-मीठ बी न्या. भाजी तिकडंच होऊ द्या."

दुसऱ्या एकानं अंड्याचा पांढरा भाग सुचवला. पण तो गुरुवार निघाला आणि भाऊंचा गुरुवार कडक. गाडीला उपवास असतो का, यावर अर्धा तास चर्चा झाली. दसऱ्याला बॉनेटवर स्वस्तिक काढलेलं असल्यानं गाडीलाही गुरुवार लागू पडतो असं ठरलं. तोवर खाली पुन्हा डबकं साचलं होतं. पिवळं.

शेवटी गाडी ढकलत, थांबत, पाणी पाजत मांजरसुंबा फाट्यावर दिलावर मिस्त्रीच्या गॅरेजला आणली. फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला चार दिवस होते.

दिलावर मिस्त्रीचं वय साठीच्या आसपास. अंगानं बारीक, कानावर पेन्सिल, बोलायला तिखट. खरं बोलून त्यानं अर्धी गिऱ्हाइकं घालवली होती. उरलेली अर्धी त्याच्याशिवाय कुणाकडं जात नव्हती. त्यानं रेडिएटरचं टोपण काढलं, नाक जवळ नेलं आणि भाऊंकडं बघितलं.

"काय वो भाऊ, इंजिनात पिठलं टाकलं का?"

मग तो पोतं अंथरून गाडीखाली गेला. दोन मिनिटं ठकठक ऐकू आली. त्यानं इंजिनाच्या कुशीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून जरासं दाबलं असावं, कारण कच्चकन आवाज झाला आणि तांबडं पाणी भळभळ खाली आलं.

"डमी गेली!" खालून मिस्त्री ओरडला.

बाहेर सगळे एकदम गप्प झाले.

याचं कारण मिस्त्रीला माहीत नव्हतं. मागच्या निवडणुकीत साहेबांचा पुतण्या उभा होता. छाननीत त्याचा अर्ज उडालाच तर हाताशी दुसरा असावा म्हणून साहेबांनी भाऊंना अर्ज भरायला लावला होता. पुतण्याचा अर्ज टिकला आणि भाऊंनी माघार घेतली. 'पक्षहितासाठी माघार' असा बॅनरही लावला. पण गावात अशा उमेदवाराला डमी म्हणतात आणि तेव्हापासून भाऊंच्या समोर तो शब्द कुणी काढत नसे. जीवन आता मोबाईलमध्ये असा डोकावला होता, जसा शाळेत कधी पुस्तकात डोकावला नसेल.

"काय गेली म्हणालात?" भाऊंनी विचारलं.

मिस्त्री बाहेर आला. "डमी, डमी. एक न्हाई, चारी गेल्यात. तीन कुशीला, एक मागं गेरबॉक्सच्या आड."

"दुसरा काही शब्द नाही का तिला?"

"पुस्तकात कोर प्लग म्हणतात जी. पर दुकानात कोर प्लग मागितला तर दुकानदार तुमच्या तोंडाकडं बघत बसंल. डमीच मागावी लागती."

आणि कुणी विचारलेलं नसताना मिस्त्री समजावून सांगू लागला. इंजिनाचा ब्लॉक ओततात तेव्हा आतल्या पोकळीसाठी वाळू भरलेली असते. ओतून झाल्यावर वाळू काढायला भोकं ठेवतात. त्या भोकांना मग पत्र्याच्या वाटीसारखी चकती ठोकून बसवतात. तीच डमी.

"बसवली की तिचं काम काय?" आता जीवनलाच उत्सुकता वाटू लागली होती.

"काय बी न्हाई. हालत न्हाई, फिरत न्हाई. भोकात गप बसायचं. गाडी घेणारा पिश्टन इचारतो, टर्बो इचारतो, डमीचं नाव कोणी घेतंय का? ती बिचारी गप बसून आतून सडती. वरून रंग चकाचक ऱ्हातो. बोट लावलं की आत जातंय."

भाऊंनी रुमालानं मान पुसली. थंडीचे दिवस होते.

"सडली कशानं पण?"

"पाणी कुठलं टाकता?"

"बोअरचं."

"तेच पिता का तुमी?"

"न्हाई. आमी जार आणतो."

मिस्त्रीनं नुसतं खालच्या तांबड्या डबक्याकडं बघितलं. त्यापेक्षा तो बोलला असता तर बरं झालं असतं.

"मिस्त्री, चार दिवसांवर फॉर्म आलाय," भाऊ म्हणाले. "वरून एम-सील थापा. निवडणूक झाली की बघू."

"थापतो की. मी थापतो, तुमी बसा. आन् साहेबाला बी बाजूला बसवा. घाटात उकळलं म्हंजे मला फोन लावू नका."

साहेब शेजारच्या सीटवर आणि समोर वाफ, हे चित्र भाऊंनी क्षणभर डोळ्यासमोर आणलं. "उतरवा गेरबॉक्स," ते म्हणाले.

अडचण अशी होती की गेरबॉक्स एकट्यानं उतरत नाही. मिस्त्रीचा धाकटा भाऊ कलीम एरवी हाताशी असायचा, तो सासुरवाडीला परळीला लग्नाला गेला होता. मिस्त्रीनं आजूबाजूला बघितलं. जीवन आणि दुसरा कार्यकर्ता चहाच्या टपरीकडं सरकत होते.

"या भाऊ, धरा."

"मी?"

"मग काय तुमचा बॅनर धरणार हाय का?"

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून भाऊंनी खिळ्याला लावला आणि बनियनवर गाडीखाली गेले. सहा वर्षं ते या गाडीत बसत होते; तिचं पोट पहिल्यांदाच बघत होते. गेरबॉक्स खाली येताना मिस्त्री तीनदा "सोडू नका" म्हणाला आणि एकदा "सोडा की बे!" म्हणाला. त्या 'बे'वर भाऊ चमकले. साहेबांशिवाय त्यांना असं कुणी बोलत नव्हतं. पण दोन्ही हात अडकलेले असल्यानं अपमान वाटून घ्यायला सवड मिळाली नाही.

पहिल्या दिवशी भाऊंना चौदा फोन आले. प्रत्येकाला ते सांगत, "मतदारसंघात दौऱ्यावर आहे." मागं हातोडीचे घाव ऐकू यायचे. "रस्त्याचं काम चाललंय इथं," ते पुढं म्हणत. दुसऱ्या दिवशी पाच फोन आले. दुपारी जीवनचं स्टेटस दिसलं. तो केजकडच्या दुसऱ्या एका भावी सदस्याच्या गाडीला टेकून उभा होता. गाडी काळी होती आणि चालू होती. खाली लिहिलं होतं, 'निष्ठा एकच'. भाऊंनी ते स्टेटस चारदा बघितलं. आपण बघितलं हे जीवनला दिसणार, हे पाचव्या वेळी लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी फोन आलाच नाही. भाऊंनी मिस्त्रीच्या मोबाईलवरून स्वतःला एकदा फोन लावून बघितला. लागला.

जेवण त्यांचं तिथंच होऊ लागलं होतं. पहिल्या दिवशी भाऊ हॉटेलात जेवून आले. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, रहेमतबीनं, डब्यात दोघांच्या भाकरी आणि मेथी पाठवली. "कलीमच्या वाट्याची हाय," मिस्त्री म्हणाला. "खा. काम बी त्याच्याच वाट्याचं करताय."

सडक्या डम्या निघायला त्रास झाला नाही. छिन्नीनं एका कडेला ठोका दिला की चकती तिरपी व्हायची, मग पकडीनं ओढली की बाहेर. त्यांच्यामागून तांबडा गाळ आला, इतका की घमेलं भरलं. त्यात हळदही होती. मिस्त्रीनं ब्लॉक आतून पाण्यानं धुतला आणि भोकांच्या कडा भाऊंना पॉलिश पेपरनं घासायला लावल्या. भाऊंनी आयुष्यात बरीच उद्घाटनं पाहिली होती. घासण्याचं काम पहिलंच. पहिलं भोक त्यांनी पाच मिनिटांत उरकलं. मिस्त्रीनं बोट आत फिरवून बघितलं आणि पेपर पुन्हा हातात दिला. दुसऱ्यांदाही दिला. तिसऱ्यांदा बोट फिरवून तो नुसता पुढं गेला, त्यावरून जमलं हे भाऊंनी ओळखलं.

नव्या डम्या मिस्त्रीनं पितळेच्या आणल्या. कडेला गळती रोखणारं लुकण लावून, बरोबर मापाचा गोल पाना वर धरून, त्यावर हातोडी मारायची. दोन मिस्त्रीनं बसवल्या. तिसरीला त्यानं हातोडी भाऊंकडं दिली.

"सरळ मारा. जोर न्हाई पायजे, सरळ पायजे."

भाऊंनी मारली. चकती एका बाजूनं आत गेली, दुसऱ्या बाजूनं वर राहिली.

"चालतंय की," भाऊ म्हणाले. "कोण बघणार आहे तिथं?"

"काढा."

"अहो थोडीच तर..."

"काढा म्हणलं ना. कोणी बघत न्हाई म्हणूनच सरळ पायजे. दिसणारी वाकडी असली तर गिऱ्हाईक वरडतो, मी नीट करतो. ही वाकडी बसली तर घाटातच कळतंय."

ती चकती वाया गेली. दुसरी भाऊंनी अगदी सावकाश मारली. आठ-दहा ठोके बोदे वाजले, मग एकदम आवाज बदलला, टणक आणि भरीव. मिस्त्रीनं मान हलवली. भाऊ हातोडी घेऊन तसेच बसून राहिले. कितीतरी वर्षांत त्यांनी हातात घेतलेलं काही पूर्ण झालं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं आणि ते कुणाला सांगावं हे सुचेना. नाइलाजानं त्यांनी चकतीचा फोटो काढला.

चौथ्या दिवशी दुपारी मागची डमी बसून गेरबॉक्स वर चढत होता. भाऊ गाडीखाली उताणे होते तेव्हा फोन वाजला. पडद्यावर साहेब. पीए नाही, स्वतः साहेब. भाऊंनी काळ्या बोटानं हिरवं बटण सरकवलं.

"अभिमन्यू, कुठं हायस बे? दिसला न्हाईस."

चार दिवसांनी साहेबांना दिसलं होतं, की आपण दिसत नाही.

"उद्या सकाळी वहिनीला घेऊन तहसीलला ये. फॉर्म भरायचाय."

गेरबॉक्सचं वजन छातीवर असतानाही भाऊंना हलकं वाटलं. सोळा वर्षं एका क्षणात भरून निघाली. "साहेब, उपकार..."

"आपल्या सूनबाईचा फॉर्म हायच. पर छाननीत काय झालं-बिलं तर हाताशी एक असू दे. डमी म्हणून. कागदं घेऊन ये."

"जी साहेब," भाऊ म्हणाले. ते त्यांनी ठरवून म्हटलं नाही. जिभेला सवय होती.

फोन बंद झाला. पलीकडून मिस्त्रीचा हात पुढं आला. "सतरा नंबर पाना द्या." भाऊंनी चौदा नंबर दिला.

संध्याकाळी इंजिन सुरू झालं. कुलंट भरलं होतं, काटा मध्यावर येऊन थांबला, खालची फरशी कोरडी राहिली. भाऊ तीनदा वाकून बघून आले. मग घरी गेले.

धनश्रीबाई अंगणवाडीचं रजिस्टर लिहीत होत्या. भाऊंनी सगळं सांगितलं, फक्त शेवटचा शब्द गाळला.

"म्हणजे डमी," धनश्रीबाई म्हणाल्या.

"नुसती सही करायची. मग माघार."

"तुमी केलती ना सही?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी?"

भाऊंनी मोबाईल कानाला लावला.

"लावा फोन," त्या म्हणाल्या. "मी बोलते."

"साहेबांना? अगं, तसं नसतं..."

"काचेवर माझं नाव हाय ना? मग फोनवर बी मीच बोलणार."

भाऊंनी फोन लावून दिला आणि पाणी प्यायला आत गेले. आतून सगळं ऐकू येत होतं.

"नमस्कार साहेब. धनश्री बोलते, अंगणवाडीची... हो, सांगितलं ह्यांनी... फॉर्म भरायचा तर अंगणवाडी सोडावी लागंल म्हणतात. माझ्याकडं चाळीस लेकरं हायत. मी सोडली तर सूनबाई येतील का खिचडी शिजवायला? ... न्हाई साहेब, चेष्टा कशाला करू? डमी म्हणून. माघार घेतली तरी चालंल, पर आधी भांडी घासून."

साहेब मोठ्यानं हसले, "वहिनी लई हुशार हाय," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. दोन तासांत साहेबांना दुसऱ्या कुणाची तरी बायको मिळाली. केजकडच्या काळ्या गाडीवाल्याची. फॉर्म भरतानाच्या फोटोत जीवन मागं दोन बोटं वर करून उभा होता.

भाऊ त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून बघतात तर धनश्रीबाई ब्लेड घेऊन गाडीच्या मागच्या काचेवरून आपलं नाव खरवडत होत्या. नाव निघालं. 'भावी' चिवट निघालं, ते राहिलं.

यातून भाऊंनी राजकारण सोडलं असं कुणी समजू नये. प्रचारात ते होते. ताफ्यात त्यांचा नंबर सातवरून अकरावर गेला होता, पण होते. सूनबाई निवडून आल्या, भाऊंनी गुलाल अंगावर घेतला आणि साहेबांबरोबर फोटोही काढला. त्यात त्यांचा अर्धा कान आला आहे. एक फरक पडला. आता रस्त्यात कुठं बॉनेट उघडून कुणी उभा दिसला की भाऊ थांबतात, खाली उतरतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "पाणी कुठलं टाकता?" पारावर ते विकासावर बोलत, तिथं आता कुलंटवर बोलतात. सटवालाही त्यांनी एकदा सगळं समजावून सांगितलं, कुशीच्या तीन आणि मागची एक. सटवा म्हणाला, "मी तेच म्हणलतो." भाऊंना ते आठवत नव्हतं.

मार्च महिन्यात त्यांनी धनश्रीबाईंना माहेरी घाटनांदूरला नेलं. दोन वर्षं ते राहून गेलं होतं, कारण गाडी कायम ताफ्यात असायची. धनश्रीबाई सगळ्या रस्त्यानं खिडकीबाहेर बघण्याऐवजी तापमानाच्या काट्याकडं बघत होत्या. केज गेलं, अंबाजोगाई गेली, काटा हलला नाही. भाऊंनी त्याबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते सतत त्याबद्दलच बोलत होते.

सासूबाई कडूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांना आता कमी ऐकू येतं.

"जावई मेंबर झाले का?" त्यांनी लेकीला विचारलं.

"न्हाई आई," धनश्रीबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या, "मिस्त्री झाले!"

"बरं झालं," कडूबाई म्हणाल्या. "आमच्या विहिरीवरची मोटर गळती हाय. बघा म्हणावं."

भाऊंना राग आला. अंगणात उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना ते ऐकू गेलं होतं. ते कुणाशी न बोलता जेवले, ताटावरून उठले, हात धुतले. मग गाडीतून पान्यांची पिशवी काढून विहिरीकडं गेले.